इस्त्रीवरचा याकिसोबा

चर्रर्र

असा आवाज आला आणि सासूबाईंना भूक लागली.

दुपारची वेळ. जेवणं झालेली, भांडी विसळून पालथी पडलेली. भूक लागायचं काही कारण नव्हतं. पण आवाजच असा होता की तो कानाआधी पोटाला ऐकू जावा. तापलेल्या लोखंडावर काहीतरी ओलं पडतंय, उलथन्याची खटखट होतेय, आणि मधूनच काहीतरी लांबसडक, चिकट, एकमेकांत गुंतलेलं उचलून पुन्हा आपटलं जातंय.

सासूबाईंनी मासिक मिटलं, एक बशी आणि काटा घेतला आणि आवाजाच्या मागावर निघाल्या. आवाज स्वयंपाकघरातून येत नव्हता, हे त्यांना जरा विचित्र वाटलं. तो येत होता मुलाच्या आणि सुनेच्या खोलीतून, तिथल्या भिंतीतल्या कपाटातून.

त्यांनी कपाटाचं दार उघडलं.

आत रजया टांगलेल्या. रजयांच्या मधोमध सूनबाई मांडी घालून बसलेली, कानांवर हेडफोन, पुढ्यात मायक्रोफोन. एका हातात इस्त्री, उताणी. तिच्यावर ओलं फडकं. दुसऱ्या हातात कुठल्याशा जुन्या कॅसेटची उसवलेली टेप, पाण्यात भिजवलेली, मूठभर.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईनं हेडफोन काढला. "याकिसोबा. जपानी परतलेल्या नूडल्स."

"कुठायत?"

"पिक्चरमध्ये, आई. तिथे एक माणूस गाडीवर परततोय. मी त्याचा आवाज करतेय."

सासूबाईंनी इस्त्रीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या रिकाम्या बशीकडे. माणसाला उपाशी ठेवणं एक वेळ समजू शकतं. पण जेवलेल्या माणसाला भूक लावायची आणि मग फडकं दाखवायचं, हे त्या विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

कोण कोण आहे ते

सूनबाईचा धंदा आवाजांचा. पडद्यावर कुणी चाललं की बुटांचा आवाज तिचा, कुणी मिठी मारली की कापडाची सळसळ तिची, कुणाचं हाड मोडलं की गाजर तिचं.

सासूबाईंचा धंदा कानांचा. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. तारेवरच्या नुसत्या श्वासावरून त्या सांगायच्या, पलीकडचा खोटं बोलतोय की त्याला फक्त सर्दी झालीय. त्या निवृत्त झाल्या, कान झाले नाहीत. मुलगा आणि सून पाठीमागे त्यांना 'एक्स्चेंज' म्हणत. तेही त्यांनी केव्हाच ऐकलं होतं.

तिसरे म्हणजे चिरंजीव, सूनबाईचा नवरा. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. हाताला चव आहे, पण ज्योत मोठी ठेवायची खोड. एकदा या खोडीपायी स्वयंपाकघराच्या दारातला पडदा पेटला होता. पडदा अजून तोच आहे, खालची कड काळी. त्या दिवसापासून चिरंजीवांना शेगडीच्या आसपास फिरकायची बंदी आहे.

चौथी आहे वरची खोली. ती बोलत नाही, हाच तिचा गुण. जिना चढून गेलं की रस्ता ऐकू येत नाही, नळ ऐकू येत नाही, शेजारचा कुत्रा ऐकू येत नाही. सासूबाई तिथे दुपारी झोपतात आणि उठल्यावर कुलूप लावतात. लग्न झाल्यापासून सूनबाईचा डोळा त्या खोलीवर आहे. रजयांच्या कपाटात बसून तिच्या केसांत कापूस अडकतो, उन्हाळ्यात घामानं मायक्रोफोन हातातून सटकतो, आणि पाऊल टाकायचं तर जागा एकाच पावलाची, म्हणून तिच्या पिक्चरमधली माणसं सगळी जागच्या जागी चालल्यासारखी वाटतात, असं दिग्दर्शकही म्हणाला होता.

अट

"तुला सगळ्याचा आवाज येतो," रात्रीच्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "वस्तू एकही येत नाही."

सूनबाईनं मान खाली घातली. ते खरं होतं. तिला अंडं फोडल्याचा आवाज अठरा तऱ्हांनी काढता यायचा. अंडं उकडायला ठेवलं की मात्र ती विसरून जायची.

"एक पदार्थ कर," सासूबाई म्हणाल्या. "तोच. तुझ्या त्या जपानी शेवया. खऱ्या. स्वतःच्या हातानं, कुणाची मदत न घेता. जमलं तर वरच्या खोलीची किल्ली तुझी."

चिरंजीवांनी तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

"आणि नाही जमलं तर?" सूनबाईनं विचारलं.

"तर पुन्हा त्या खोलीचं नाव काढायचं नाही. आणि ती इस्त्री माझ्या दुपारच्या झोपेत वाजवायची नाही."

"तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहणार?"

"छे. मी बाहेर खुर्चीत, पडद्याकडे पाठ करून. डोकावणारसुद्धा नाही." त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली. "हे पुरे."

कट

"मी परततो," चिरंजीव अंथरुणात कुजबुजले. "तू आवाज कर."

"तुझा हात त्यांना ओळखू येतो. परतून झालं की तू उलथनं काठावर दोनदा आपटतोस. टक-टक. लहानपणी दुधाच्या पेल्यावर चमचा तसाच आपटायचास म्हणे."

"नाही आपटणार."

"चालतोस टाचांवर."

"अनवाणी उभा राहीन. एका जागी."

"अरे, पण याकिसोबा गपचूप होत नाही."

"तेवढा आवाज होऊ दे की. त्यावर तुझे चढव. तुझ्या चपला, तुझं उलथनं, तुझं गुणगुणणं. कान भरून टाक आईचे."

सूनबाई अंधारात हसली. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या हालचालींना आवाज दिला होता. नवऱ्याच्या हालचालींना आपला आवाज देणं हे काम तिला जरा जास्तच आवडलं. पकडले गेलो तर खोली गेली, हे तिला ठाऊक होतं. पण सरळ मार्गानं गेलो तरी खोली जाणारच, तेही ठाऊक होतं.

बाहेर, आत

बाहेर: खुर्ची करकरली. सासूबाई बसल्या. चिरंजीव सकाळीच डबा घेऊन दुकानात गेले होते.

आत: चिरंजीव मागच्या दारानं परत आले होते. चपला कुंपणापाशी, डबा कुंडीमागे.

बाहेर: "झाली का सुरुवात?"

आत: सूनबाईनं ओट्यावर आपली हत्यारं मांडली. रिकामा तवा, दोन उलथनी, एक गाजर, पाण्याची बाटली, आणि अडीअडचणीला इस्त्री, प्लगला लावून तापत ठेवलेली. चिरंजीवांनी कढई ठेवली आणि लाकडी उलथनं उचललं. कांदा पडला. छान आवाज झाला. सूनबाई चपला घालून फट-फट चालली, डबा उघडून मिटला, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणली.

बाहेर: "कांदा जरा जाड चिरलास."

आत: चिरंजीवांनी कांद्याकडे पाहिलं. जाड होता.

बाहेर: "चालेल. पुढे."

आत: कोबी. चिरंजीवांनी सुरी उचलली. आणि इथे सूनबाईचा हात तिच्या परवानगीशिवाय हलला. कारण पिक्चरमध्ये सुरी उचलली की ती वाजते, वाजलीच पाहिजे. तिनं एका उलथन्यावरून दुसरं उलथनं सर्रकन ओढलं.

*श्शिंग.*

बाहेर: काही नाही.

आत: दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाहेर: "सूनबाई."

"हो, आई?"

"म्यानातून काढलीस का सुरी?"

"नाही... म्हणजे... धार लावली जरा."

"एकाच फटक्यात? शहाणी गं माझी बाय ती."

नूडल्सच्या आधी एक वाईट गोष्ट

चिरंजीवांनी कोबी सगळा एकदम टाकला. कढईत डोंगर झाला. डोंगराला पाणी सुटलं. ज्या कढईतून एवढा वेळ चर्रर्र येत होतं, तिच्यातून आता नुसतं बुडबुड, बुडबुड यायला लागलं, जसं कुणी पोटभर जेवून खिडकीशी डुलक्या घेतंय.

"ज्योत वाढव," सूनबाई ओठांनीच म्हणाली.

चिरंजीवांनी पडद्याच्या काळ्या कडेकडे बोट दाखवून मान हलवली. त्यांना त्या दिवसाची चांगलीच आठवण होती.

बाहेरची शांतता वाढत चालली. ऐकणाऱ्या माणसाची शांतता वेगळी असते, तिला वजन असतं. सूनबाईला ते सोसवेना. तिनं इस्त्री उताणी केली, फडकं बुडवलं, पिळलं आणि ठेवलं.

चर्रर्रर्र.

देखणा आवाज आला. कुठल्याही पिक्चरला लावावा असा. तिनं वरून तव्यावर उलथनं वाजवलं, डौलात, लयीत, पट्टीत.

बाहेर सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

"वा," त्या म्हणाल्या. "आता ती पँट उलटी कर. त्या बाजूची सुरकुती राहिली."

दोन लाईन

जुन्या ऑपरेटरचं कसब असं की डाव्या कानात एक माणूस, उजव्यात दुसरा, आणि तोंड तिसऱ्याच्याच कामाला लागलेलं. सासूबाईंनी खुर्चीतून न उठता बाजूचा फोन जवळ ओढला आणि मुलाचा नंबर फिरवला.

चिरंजीवांनी आपला मोबाईल मुका करून ठेवला होता. पण ठेवला होता ओट्यावर, स्टीलच्या ताटात. तो ताटात असा थरथरला की चमचे जागचे हलले.

घर्रर्रर्र.

सूनबाईनं झडप घालून त्याच वेळी मिक्सर सुरू केला.

"मिक्सर कशाला?" बाहेरून आवाज.

"आलं वाटतेय!"

"जपानात आलं किसतात, असं तूच सांगितलंस काल."

तोवर चिरंजीव फोन छातीशी धरून मागच्या दारातून पसार झाले होते. कुंपणाशी उभं राहून त्यांनी तो कानाला लावला. "हं, आई? दुकानात आहे. गिऱ्हाईक आहे समोर."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "वाचायला दे त्याला पाटी. माझं महत्त्वाचं काम आहे. जिन्यातला दिवा गेलाय. कुठला आणायचा?"

"संध्याकाळी बघू."

"आत्ताच सांग. पिवळा आणायचा की पांढरा?"

"कुठलाही."

"कुठलाही कसा? आधीचा पांढरा होता, तो डोळ्यांवर यायचा. तू डोळ्यांचाच ना? मला नीट समजावून सांग. मी सोडणार नाही लाईन."

आणि खरंच नाही सोडली.

आत सूनबाई मिक्सर बंद करून उभी राहिली. कढईत कोबी बुडबुडतोय. बाजूला नूडल्सचा पुडा फोडलेला. परतणारा माणूस कुंपणापाशी दिव्याबद्दल बोलतोय, आणि तो फोन ठेवू शकत नाही, कारण तो दुकानात आहे.

तिच्या आता लक्षात आलं की आपल्याला कोंडलंय. कुलूप न लावता, किल्ली न फिरवता, चांगलं कोंडलंय.

खरा आवाज

आधी झाकण पडलं. तिनं पाडलं नव्हतं, पडलं. फरशीवर गरगर फिरून ते इतक्या वेळानं थांबलं की तिला स्वतःलाच लाज वाटली. मग "आई गं" असा आवाज आला, कारण कढईच्या कानाला लागून बोट भाजलं. मग नळ. मग काहीतरी पुटपुटणं, त्यात दिग्दर्शकाचाही उद्धार होता.

"हां," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. फोनचं तोंड त्यांनी तळव्यानं झाकलं होतं. "आत्ता आलीस होय तू आत?"

सूनबाईनं भाजलेलं बोट तोंडात घातलं.

"पाणी सुटलंय कोबीला. बाहेर काढ सगळं. ताटात." मग तळवा काढून: "हो रे, ऐकतेय, पांढऱ्याला वीज कमी लागते, मग?"

सूनबाईनं कोबी ताटात काढला. अर्धा ओट्यावर सांडला. कढई पुसली, ज्योत मोठी केली, तेल सोडलं. पुड्यातल्या नूडल्स एकमेकींना धरून विटेसारख्या बसल्या होत्या. तिनं ती वीट तशीच कढईत घातली आणि हात वर करून उभी राहिली.

इथे एक गंमत झाली. तिला पुढचं माहीत होतं. म्हणजे तिला नव्हतं, तिच्या हातांना होतं. आठवडाभर तिनं तो गाडीवरचा माणूस पाहिला होता, पुढे मागे करून, एकेक क्षण थांबवून. तो नूडल्स टाकतो आणि हात लावत नाही, गाडीला टेकून मान खाजवतो. ती मान खाजवण्याची सळसळही तिनंच केली होती. म्हणून ती थांबली. मान नाही खाजवली, पण थांबली.

"ढवळत नाहीस?" बाहेरून जरा संशयानं.

"नाही. खालून कुरकुरीत व्हायला हव्यात."

"बरं." आणि फोनमध्ये: "तुला नाही रे, तू बोल."

चर्रर्र बारीक होत गेलं, कोरडं होत गेलं, आणि त्यात तडतड सुरू झाली. सूनबाईनं इस्त्रीवर हा आवाज कधी काढला नव्हता. इस्त्रीवरचा चर्रर्र शेवटपर्यंत एकसारखा असायचा. हा बदलत होता, आणि प्रत्येक बदलाबरोबर वासही बदलत होता.

"आता," बाहेरून सासूबाई.

"आता," आत सूनबाई, त्याच वेळी.

तिनं वीट उलटली. खालची बाजू तांबूस झाली होती. ओंजळभर पाणी शिंपडलं, फस्स करून वाफ उठली, विटेची मोळी झाली, मोळीचे धागे सुटले. कोबी, कांदा परत कढईत. मग सॉसची वाटी, काळपट, आंबटगोड. तो मध्ये नाही ओतायचा, कढईच्या कडेनं सोडायचा, म्हणजे लोखंडावर आधी जळतो आणि मग नूडल्सना लागतो. गाडीवरचा माणूस वाटी फिरवायचा तशी तिनं मनगटातून वाटी फिरवली.

जो आवाज झाला त्याचं काय सांगावं. सासूबाई फोनवरचं वाक्य विसरल्या. कुंपणाशी चिरंजीवांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तेही दिव्याचं विसरले.

मग सासूबाई म्हणाल्या, "आता ये आत. मागच्याच दारानं. पाय पूस, आणि कुंडीमागचा डबा आण. डबा ठेवलास तेव्हा झाकण वाजलं होतं."

निकाल

सासूबाईंची खुर्ची आत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आली. बशीत नूडल्स, वरून किसलेलं आलं. चिरंजीव दारात उभे, पाय पुसून, पुन्हा पुसून.

"कांदा याचा," सासूबाई म्हणाल्या. "कोबी याचा. श्शिंग तुझं, इस्त्री तुझी. पुढचं सगळं तुझं." त्यांनी काटा उचलला. "म्हणजे अर्धं. अट पूर्ण पदार्थाची होती."

"पण आई, अर्ध्यात तुम्हीच याला फोनवर अडकवून..."

"मी दिव्याचं विचारत होते."

सासूबाईंनी काट्याला नूडल्स गुंडाळल्या, त्या पुरेशा गुंडाळल्या गेल्या नाहीत, उरलेल्या ओठांनी धरून त्यांनी आत ओढल्या.

*सुर्रर्रर्र.*

सूनबाईचा हात खिशात गेला.

*टक्.*

सासूबाई थांबल्या. एका नूडलचं टोक हनुवटीवर लोंबत होतं. "काय वाजलं?"

"काही नाही."

"बटण वाजलं. डाव्या खिशात."

बशी वाढल्यापासून चालू असलेला आणि आत्ताच बंद केलेला रेकॉर्डर सूनबाईनं काढून टेबलावर ठेवला. "पिक्चरमध्ये त्या गाडीवर एक बाई नूडल्स खाते. आठवडाभर मी तिचा आवाज करतेय. रबरी नळीतून ओलं कातडं ओढलं, फुग्यातून दोरा ओढला. दिग्दर्शक म्हणतो, ही बाई खात नाहीये, ही गटार साफ करतेय. आणि आत्ता तुम्ही..." ती थांबली. "तोच आहे तो. अगदी तोच."

"कोण आहे ती बाई? हमाल-बिमाल?"

"नायिकेची आई. करारी आहे."

सासूबाईंनी टोक आत घेतलं. तोंड पुसलं. "लाव बघू."

तिनं लावला. सुर्रर्रर्र. करारी होता. पण त्याच्या पाठीमागे सबंध वेळ एक ऊंऽऽऽ लागलेलं.

"हे काय मधेच?"

"आपला फ्रिज."

"बंद कर आणि पुन्हा घे. अजून आहेत ना नूडल्स?"

"फ्रिज बंद केला की नळाची ठिबक ऐकू येईल. नळ बांधला की रस्ता. रस्त्याला काय करणार?" सूनबाई बशी उचलून सिंककडे वळली आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, "घरात एकच जागा आहे, जिथे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण ती काय, अर्ध्या पदार्थात मिळत नाही."

चिरंजीव छताकडे बघू लागले.

खुर्ची करकरली. मग सासूबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा हलला, एक किल्ली कडीतून सुटली आणि टेबलावर पडली.

"घे. लबाड कुठली."

सूनबाईनं मागे वळून पाहिलं नाही. ती बशी घासत राहिली. "ही नाही, आई."

"म्हणजे?"

"ही शिवणयंत्राच्या खणाची. मागच्या वर्षीच्या पिक्चरमध्ये तुरुंगाला हीच लावली होती मी. वरच्या खोलीची पितळी आहे, ती पडली की आधी ठण् होतं आणि मग जरा लोळते."

मग सासूबाई हसल्या. आवाज न करता हसल्या, पण खुर्ची हलली, ती सूनबाईला ऐकू आली.

जुडगा पुन्हा हलला.

ठण्. आणि जरा लोळली.

"माझ्या दुपारच्या झोपेचं काय पण?"

"या ना वर. मला एक घोरणारी बाईही हवीच आहे, पुढच्या कामाला."

"मी घोरत नाही," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईनं नळ बंद केला. कढईत उरलेल्या नूडल्स उभ्यानंच संपवणाऱ्या चिरंजीवांनी उलथनं काठावर आपटलं.

टक-टक.